शेवटचा फर्मा

बाहेरगावी निघालेल्या माणसाची त्यांना भीती वाटायची. माणसाची म्हणजे माणूस परत येईल की नाही याची. माझी बॅग जिन्यावरून खाली येताना दिसली की आमच्या घरमालकांचा चेहरा उतरायचा. हातातला चहाचा कप तसाच राहायचा. कुठे, किती दिवस, रस्ता कुठला, उतरणार कुठे, हे सगळं विचारून झालं की ते घरात जायचे आणि एक पुस्तक घेऊन यायचे.

"हे घ्या वाचायला," म्हणायचे. "शेवट माझ्याकडं हाय."

पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. लातूरच्या लॉजवर रात्रीचं जेवण उरकून पुस्तक उघडलं. दीपगृहावर एकट्यानं नोकरी करणाऱ्या एका माणसाची कादंबरी होती, आणि फार सुरेख होती. दुसऱ्या दिवशीही वेळ मिळेल तशी वाचत गेलो. वादळात दिवा विझलाय, तो माणूस काळोखात शिडी चढतोय, आणि एका अर्ध्या वाक्यावर पुस्तक संपलं. पुढे नुसता पुठ्ठा. पानं फाटली असतील म्हणून मी शिवणीची कड तपासली, तर फाडल्याची खूण नाही. अगदी सफाईनं कुणीतरी शेवट काढून घेतला होता.

घरमालक पावणे गावच्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात होते. मूळचे साताऱ्याकडचे, पण आयुष्य सगळं छापखाना आणि बाइंडिंगमध्ये गेलेलं. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांचे फर्मे एकावर एक ठेवून मारलेली शिलाई, हे मला त्यांनीच शिकवलं. शिलाई उसवून शेवटचा फर्मा ते अलगद काढून घेत, आणि माणूस घरी आला की पुन्हा टाके घालून जागच्या जागी बसवत. पुस्तक फाडलंत कशाला, असं मी त्या पहिल्या वेळी रागानं विचारलं होतं. त्यावर त्यांनी मला खाली बसवून फाडणं आणि उसवणं यातला फरक समजावला होता. फाडलेलं परत लागत नाही, उसवलेलं लागतं, एवढाच त्याचा सारांश, पण तास गेला.

नेरूळला सारसोळे गावाच्या अंगाला सिडकोचं त्यांचं छोटंसं घर होतं. खाली ते आणि काकू, वरच्या खोलीत मी भाडेकरू. मुलंबाळं नव्हती. घरात पुस्तकं मात्र पाण्याच्या पिंपामागेसुद्धा होती. छापताना बिघडलेले, तिरके कापले गेलेले फर्मे कारखान्यातून मागून आणायचे आणि सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून त्यांची पुस्तकं बांधायचे. त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत एखादं पान उलटं असायचं, एखाद्यावर शाईचा डाग असायचा. घरी बसून ते स्वतः वाचायचे ते मात्र पुस्तक पहिल्यापासून शेवटापर्यंत. कायदा फक्त घराबाहेर जाणाऱ्यांसाठी होता.

मी पंपांच्या कंपनीत होतो. साखर कारखान्यांना आमचे पंप जायचे, आणि ते बिघडले की मागोमाग मी जायचो. महिन्यातले निम्मे दिवस मी बाहेर. खरं सांगायचं तर वाचनाचं सुख मला त्या दिवसांत कळलं. घरी माझ्याच्यानं कधी वाचन होत नाही. घरी पाणी भरायचं असतं, इस्त्रीवाला येतो, शेजारी टीव्ही लागतो. परगावी आपल्याला कुणी ओळखत नाही. संध्याकाळी सहाला काम संपतं, लॉजवरचा पोऱ्या चहा आणून ठेवतो, खिडकीबाहेर अनोळखी गावाचा अनोळखी बाजार भरलेला असतो, आणि आपण पायावर पांघरूण घेऊन दुसऱ्याच कुठल्यातरी मुलखात असतो. त्या काळात मी काय काय वाचलं! एका पैलवानाचं आत्मचरित्र वाचलं. पायी हिमालय हिंडलेल्या एका शिक्षिकेचं प्रवासवर्णन वाचलं. मिठागरांवरची एक जाडजूड कादंबरी वाचली, खुनाच्या गोष्टी तर ढिगानं. आणि यातल्या एकाचाही शेवट मला परगावी कळला नाही. परतीच्या एसटीत बसून मी शेवट रचत यायचो. फाटकाशी ते उभे असायचे. हातात फर्मा. आधी फर्मा द्यायचे, मग काकू चहा.

त्यांच्या घाबरटपणावर गल्लीत सगळे हसायचे. पावण्याकडून वारा आला आणि कुठल्याशा कारखान्याचा वास नाकाला लागला, की हे घराघरांत जाऊन खिडक्या लावायला सांगायचे. काकू बाजारातून यायला उशीर झाला की रस्त्यावर येऊन उभे. सारसोळ्यातला एक कोळी समोरून जाताना दिसला की त्यालाही गाठायचे. तो होडी घेऊन खाडीतून पार बाहेर जायचा आणि कधीकधी दोन-तीन दिवस यायचा नाही. एकदा त्यांनी त्याच्याही हातात पुस्तक ठेवलं. तो बिचारा ओशाळला.

"काका, माना वाचाला येत नाय," तो म्हणाला. "पान्यान भिजंल ते."

वाचू नकोस, नुसतं बरोबर ठेव, असं यांचं उत्तर. त्यानं ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून होडीत ठेवलं आणि परत आल्यावर इमानेइतबारे आणून दिलं. पुढं गंमत अशी झाली, की एकदा हे कारखान्यात होते आणि त्याला निघायचं होतं, तर तो पुस्तक मागायला काकूंच्या दारात येऊन थांबला. मी त्याला चिडवलं. तो हसला, पण पुस्तक घेतल्याशिवाय गेला नाही.

हे वेड कुठून आलं ते काकूंनी मला सांगितलं. कोथिंबीर निवडत होत्या. सांगताना हे घरात आहेत का ते त्यांनी दोनदा बघून घेतलं.

यांचा धाकटा भाऊ यांनीच वाढवलेला. मशीन बसवायच्या कामाला लागला होता आणि कामासाठी पहिल्यांदाच गुजरातेत गेला होता. वाचायचं वेड दोघा भावांना. निघताना यांनी त्याला एक नवं कोरं पुस्तक स्वतः बांधून दिलं. काम लांबलं. एका रविवारी शेजाऱ्यांकडे त्याचा फोन आला. दादा, पुस्तक संपलं, आता वेळ कसा घालवू? हे म्हणाले, अरे मग जरा फिरून ये, गाव बघ. तो फिरायला गेला. जवळ धरण होतं, तिथं पोहायला उतरला. तो परत आलाच नाही.

"तवापास्नं हे असं," काकू म्हणाल्या. "म्हनत्यात, म्या त्याला पुरं पुस्तक दिलं."

मी जरा शहाणपणा केला. अपुरं पुस्तकसुद्धा परगावी संपतंच की, म्हटलं, मग माणूस फिरायला जाणारच. काकूंनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं.

"ते तिथं न्हाई संपत," त्या म्हणाल्या. "त्याचा शेवट घरी असतो न्हवं."

मी वर खोलीत गेलो. पण त्या दिवसापासून माझी थट्टा कमी झाली आणि भीती मात्र अंगात शिरली. ती अशी शिरते की कळत नाही. जालन्याला होतो तेव्हाची गोष्ट. खुनाची एक कादंबरी शेवटावर येऊन तुटली होती आणि मी अगदी हैराण झालो होतो. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर तीच कादंबरी दिसली. धडधाकट, शेवटासकट. मी ती हातात घेतली. शेवटची पानं अंगठ्याखाली आली. नुसतं उघडायचा अवकाश होता, आणि उघडवेना. आपल्याला घाटातून जायचंय, गाडीचा ड्रायव्हर झोपाळू दिसतोय, असलं काहीबाही मनात यायला लागलं. स्टॉलवाला म्हणाला, साहेब, घ्यायचं तर घ्या. मी पुस्तक खाली ठेवलं आणि गाडीत जाऊन बसलो. पंपाचं इंजिनिअरिंग शिकलेला माणूस मी, आणि एका कादंबरीच्या सोळा पानांना भ्यालो.

स्वतः ते कधी कुठं जात नसत. साताऱ्याला गावीसुद्धा गेले नाहीत. दुसऱ्याचा शेवट सांभाळणारा माणूस घरी पाहिजे ना, असं त्यांचं म्हणणं.

आणि मग एका पावसाळ्यानंतर त्यांच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. ऑपरेशन करायचं ठरलं ते खाडीपलीकडे, मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात. किरकोळ हाय, चार दिवसांत येतो, असं ते काकूंना दहा वेळा म्हणाले. मी रिक्षा आणली. पिशवीत धोतर, तांब्या, चष्म्याची डबी आणि एक पुस्तक. गावाकडून आलेला चुलत पुतण्या बरोबर गेला. काकूंचे गुडघे सुजलेले, म्हणून त्यांना ऑपरेशन झाल्यावरच न्यायचं ठरलं होतं. रिक्षा वळेपर्यंत काकू हात हलवत होत्या.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. काकू जिना चढून वर आल्या. ते गुडघे घेऊन त्या कधी वर येत नसत, म्हणून आधी मला वाटलं, हॉस्पिटलातून काही निरोप आला.

"त्यांच्या पुस्तकाचा शेवट कुनी काढला?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळेना. मग कळलं तेव्हा हातातला वस्तरा खाली ठेवला. बाहेरगावी गेलेल्यांचे फर्मे कपाटात देवाच्या फोटोमागे ठेवलेले असत. काकू सकाळी दिवा लावायला गेल्या तर तिथं काहीच नव्हतं. म्हणजे ते पुरं पुस्तक घेऊन गेले होते. दुसऱ्यांचे शेवट उसवून ठेवणाऱ्या माणसाचा शेवट काढून ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.

"तुमी जावा," त्या म्हणाल्या. "वाचून व्हायच्या आत जावा."

मी त्यांची समजूत घालायला हवी होती. असं काही नसतं, डॉक्टर चांगले आहेत, असं काहीतरी म्हणायला हवं होतं. मी अर्धी दाढी तशीच ठेवून शर्ट चढवला. काकूंनी त्यांची कागद कापायची सुरी जुन्या फडक्यात गुंडाळून माझ्या खिशात कोंबली.

वाशीच्या पुलावर बस अडकली. पुढं कुठलासा ट्रक बंद पडला होता. खाली ओहोटीची खाडी, नुसता काळा चिखल, आणि बस जागची हलेना. मी हिशेब करत होतो. पुस्तक कितीसं जाड होतं? काल संध्याकाळी तो माणूस खाटेवर पडला असेल. झोप येणार नाही. भ्यालेला माणूस भराभर वाचतो, हे मला स्वतःवरून माहीत होतं. आता कुठल्या पानावर असेल? शेजारचा प्रवासी माझ्या अर्ध्या दाढीकडे बघत होता. हसायला यावं अशीच सगळी गोष्ट होती, आणि मला रडायला येत होतं.

हॉस्पिटलच्या दारात वॉचमननं अडवलं. खिशाशी हात धरून, घामाघूम, धावत आत शिरणारा माणूस म्हटल्यावर त्यानं खिसे तपासले. फडकं उलगडलं, आत सुरी.

"ये क्या है?" त्यानं विचारलं.

पुस्तक कापायला आणलीय, असं मी सांगितलं. ऑपरेशनच्या आधी शेवटची पानं काढायची आहेत. त्यानं आणखी एका वॉचमनला हाक मारली. आता या दोघांना दीपगृह, गुजरातचं धरण आणि काकू हे सगळं समजावणं शक्य नव्हतं. सुरी ठेवा तुमच्याकडे, मला जाऊ द्या, म्हणून मी हात जोडले. माझा एकूण अवतार बघून त्यांना दया आली असावी. सुरी ठेवून घेतली आणि सोडलं.

वॉर्डमध्ये पोचलो तर त्यांची खाट रिकामी होती. चादर ओढून नीट केलेली. पुतण्याही दिसेना. मी खाटेच्या कडेला बसलोच. शेजारच्या खाटेवर एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, अर्धा तास झाला नेऊन, पुतण्या तिकडेच गेलाय.

उशीखाली पुस्तक होतं. मी ते बाहेर काढलं, पण उघडायला धीर होईना. मग मागच्या बाजूनं उघडलं, तर शेवट उघडेचना. शेवटचा फर्मा तिन्ही बाजूंनी शिवून टाकलेला होता. मेण लावलेला दोरा, सारखे बारीक टाके, कोपऱ्यात पक्की गाठ. सुरीशिवाय एक पान वेगळं झालं नसतं.

"काल सगळी संध्याकाळ शिवत बसलेले," शेजारचे गृहस्थ म्हणाले. "सिस्टर ओरडली, सुई काढून घेतली तिनं. मी विचारलं, काका, काय शिवताय? तर म्हणाले, तोंड."

माझ्या जिवात जीव आला. आणि लगेच पुन्हा भीती वाटायला लागली, कारण शिवलेलं उसवायला माणूस परत यायला हवा. पुस्तक मांडीवर घेऊन मी तिथंच बसून राहिलो. दुपार उलटल्यावर त्यांना आणलं. गुंगीतच होते. डोळे किलकिले करून त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, पुस्तक पाहिलं, टाके शाबूत आहेत हे पाहिलं, आणि डोळे मिटले.

घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, घरीच का नाही काढून ठेवलात? काकू स्वयंपाकघरात गेलेल्या बघून ते हळू आवाजात म्हणाले, "तिला किरकोळ सांगितलं व्हतं ना. शेवट काढताना बघितलं असतं, तर तिला कळलं असतं म्या भ्यालोय." मग काकू बाहेर आल्या. त्यांनी काकूंच्याच हातात कात्री दिली आणि टाके उसवायला लावलं. कुठला टाका आधी, दोरा कसा धरायचा, कागद कसा दुखवायचा नाही, हे तासभर शिकवत बसले. काकू घाबरत घाबरत एकेक टाका काढत होत्या. मग ते स्वतः शेवट मोठ्यानं वाचायला बसले. शेवट अगदीच फुसका होता. आम्ही तिघेही निराश झालो आणि फार आनंदात जेवलो.

त्यानंतर दोनेक वर्षं बरी गेली. भीती काही गेली नाही त्यांची, उलट माझी त्यात भर पडली. माझ्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांना पुस्तक तयार करायला उशीर झाला तर मीच दोनदा खाली डोकावून यायचो.

मग एक दौरा लांबला. नांदेडकडच्या कारखान्यात पंप एकामागून एक बंद पडत होते आणि गळीत हंगाम तोंडावर होता. पुस्तक म्हणजे एका पाणाडी बाईची कहाणी होती. दुष्काळी गावांत विहिरीला पाणी कुठं लागेल ते ती सांगत हिंडायची. मी ते पुरवून पुरवून वाचलं, तरी हातचं संपलं. शेवटचं गाव, शेवटची विहीर, सगळा गाव काठावर जमलाय, आणि पुढं पुठ्ठा. मी रोज तेच पान काढून बघायचो. आपला शेवट तिकडे फोटोमागे आहे, या विचारानं मला चक्क बरं वाटायचं.

परतलो तेव्हा दुपार होती. गल्लीच्या तोंडाशी तो सारसोळ्याचा कोळी भेटला. नेहमी लांबून हाक मारणारा माणूस, माझ्याकडं बघून मान खाली घालून उभा राहिला. मी तसाच पुढं आलो. फाटकाशी कुणी नव्हतं. ओट्यावर चपलांचा ढीग होता.

आत साताऱ्याकडची माणसं बसली होती. काकू भिंतीशी होत्या. मला बघून कुणीतरी रडायला सुरुवात केली, पण काकू रडल्या नाहीत. त्या भिंतीला धरून उठल्या, सगळ्यांमधून वाट काढत कपाटाशी गेल्या आणि देवाच्या फोटोमागून फर्मा काढला. पदरानं पुसून तो माझ्या हातात दिला.

"आधी हे घ्या," त्या म्हणाल्या. "तुमचीच वाट बघत व्हते."

मग सांगितलं. शनिवारी संध्याकाळी, ओट्यावरच्या खुर्चीत. काही त्रास नाही, हाक नाही. चहा न्यायला गेल्या तर चष्मा काढून डबीत ठेवलेला, पुस्तक मिटून मांडीवर. पुस्तक पुरं होतं का, असं मी विचारलं. अशा वेळी हे काय विचारतोय, असं सगळे माझ्याकडं बघायला लागले. काकूंना मात्र प्रश्न कळला.

"पुरं व्हतं," त्या म्हणाल्या. "शेवटापातूर वाचल्यालं. घरीच व्हते न्हवं."

माझ्या हातात सोळा पानं होती आणि अक्षर दिसत नव्हतं. इतके दिवस मी ज्याला भीत होतो ते घडून गेलं होतं, आणि मी नांदेडला विहिरीच्या काठावर पुस्तक उघडून बसलो होतो. मी उंबऱ्यातच बसलो आणि मोठ्यानं रडलो. काकू माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"पुन्यांदा कवा निघायचं?" त्यांनी विचारलं.

आता कुठं जात नाही, असं मी म्हणालो असेन. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

"जाताना सांगून जावा," त्या म्हणाल्या. "मला येतं आता उसवायला."